सातवीच्या गाईडातली आई

माझ्या खोलीची आणि शेजारच्या घराची भिंत एकच होती आणि ती वर पत्र्यापर्यंत पोचलेली नव्हती. त्यामुळे शेजारची भांडणं, खोकला, फोडणीचा वास सगळं माझ्याकडे येई. मी एकटी राहत असल्यामुळे माझ्याकडून तिकडे फक्त स्टोव्हचा आवाज जात असे. त्या शुक्रवारी सकाळी मी वेणी घालत होते. पलीकडे रुक्माबाईंची मुलगी चाचणीसाठी निबंध पाठ करत होती. पाठांतराचा एक सूर असतो, प्रत्येक वाक्याच्या शेवटी उंच जाऊन पुन्हा खाली बसणारा. "माझी आई. माझ्या आईचे हात पिवळे आहेत. ते सणाने पिवळे नाहीत, कामाने पिवळे आहेत. मी दुसरीत असताना आई शाळेत आली. बाईंनी विचारले, हात असे कशाने झाले? मी म्हणालो, आमच्या घरी लग्न आहे." मला आधी वाटलं, हे मी मनातल्या मनात म्हणते आहे. इतकी ती वाक्यं माझी होती. मग मुलगी अडखळली, पुन्हा मागे गेली आणि म्हणाली, "तेव्हा आई म्हणाली, होय, लग्न आहे." माझी वेणी हातातून सुटली.

भिंतीपलीकडून रुक्माबाईंचा आवाज आला, "आगं, माझे हात कुठं पिवळे हायेत? मास्तर इचारंल ना."

"न्हाई इचारत. समदे हेच लिवतेत."

"आन 'म्हणालो' काय म्हनतीस? पोरगं हायेस का तू?"

"गाईडात तसंच हाय."

मी खाटेवर बसले. गाईड आमचंच होतं. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. गावात प्रकाशन म्हणून एकच जागा होती, मोंढ्यामागची आमची कचेरी. पुढच्या खोलीत दोन टेबलं, मागे छापखाना, त्यामागे कागदाची कोठी. नरसिंगराव हे मालक. त्यांनी लग्नपत्रिकांवर सुरुवात केली आणि सत्तरनंतर शाळांची गाईडं काढायला लागले. त्या चार तालुक्यांत सातवीत बसलेल्या बहुतेक मुलांच्या दप्तरात आमचं गाईड असे. मला त्याचा अभिमान होता. औरंगाबादला बी.ए. करून मी परत आले, तेव्हा आमच्या वस्तीत नोकरी करणारी दुसरी बाई नव्हती. शाई लागलेली बोटं घेऊन मी वसमतच्या बसमध्ये बसायची आणि कुणी विचारावं म्हणून ती मुद्दाम मांडीवर पसरून ठेवायची. शाईच्या बोटांची मला कधी लाज वाटली नाही. लाज होती ती दुसऱ्या बोटांची.

दुसरं टेबल रूपसिंगचं होतं. कळमनुरीकडच्या तांड्यावरचा, एम.ए. झालेला, उंच, बोलताना दाराकडे बघणारा. नरसिंगरावांनी आम्हा दोघांना एकाच महिन्यात घेतलं होतं आणि आमच्यातली चुरस त्यांनीच पेटती ठेवली होती. एकाचं कौतुक नेहमी दुसऱ्याच्या समोर. "पद्माबाईंचा भूगोल बघा, रूपसिंग. मुलांना नकाशा न बघता समजतो." दुसऱ्या दिवशी त्याचा इतिहास मला वाचून दाखवला जाई. आम्ही दोघं एकमेकांच्या चुका शोधत होतो. काम तसंच होतं. कचेरीचा नियम होता की ज्याचा मजकूर त्यानं प्रूफ वाचायचं नाही, लिहिणाऱ्याला आपली चूक दिसत नाही. त्याचं प्रूफ मी वाचायचं, माझं त्यानं. वाचून झालं की खाली 'छापा' लिहून सही. ती सही झाली की पान छापून निघे आणि अक्षरांचे खिळे लगेच सुटे करून पुढच्या पानासाठी घेतले जात, कारण नरसिंगरावांकडे खिळे मोजकेच होते. पान एकदा सुटलं की सुटलं. सुरुवातीला मी त्याच्या समासात लाल खुणांची रांग लावायची. हळूहळू मला त्याचं अक्षर इतकं कळायला लागलं की कुठल्या ओळीवर तो थांबला असेल, कुठे उठून पाणी प्यायला असेल, ते दिसे. त्यालाही माझं दिसत असावं. एकदा त्यानं माझ्या प्रूफावर काहीच खूण न करता कोपऱ्यात लिहिलं होतं, 'हे लिहिताना डोकं दुखत होतं का?' दुखत होतं.

वीज गेली की मशीन थांबे आणि आम्ही कागदाच्या कोठीत जाऊन बसत असू, कारण तिथे गार असे. अशाच एका दुपारी तो त्याच्या आईबद्दल बोलला होता. जिवनबाई. आरशांची काचोळी, हातभर बांगड्या, डोक्यावरून पाठीवर सोडलेली ओढणी. हिंगोलीच्या बाजारात आली की पोरं मागे लागत. "मी हायस्कूलला होतो," तो म्हणाला, "ती मला शोधत शोधत शाळेच्या रस्त्यानं आली. मित्र म्हणाला, कोण रे ही? मी म्हणालो, मला काय माहीत. आन पुढं चालत राहिलो. तिनं हाक मारली न्हाई. तिला समजलं." तो दाराकडे न बघता, हे सगळं माझ्याकडे बघून बोलला. मग मी माझं सांगितलं. ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. माझी आई जनकाबाई वसमतला हळदीच्या कामाला जायची. हळद कढईत शिजवायची, वाळवायची, ढोलात घालून घासायची. त्या दिवसांत तिचे हात कोपरापर्यंत, पाय, पापण्यासुद्धा पिवळ्या होत, आणि धुतल्यानं तो रंग जात नसे. ती शाळेत आली ती माझी विसरलेली पाटी द्यायला. बाईंनी सहज विचारलं. वर्गातल्या मुली बघत होत्या. मी म्हणाले, आमच्या घरी लग्न आहे. बाई आईकडे वळल्या. आई दारातच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "व्हय, लगन हाय." बाईंनी विचारलं, कुणाचं? आई म्हणाली, "हिच्या मामाचं." मला मामा नव्हताच. हे सांगताना मी रडले आणि रूपसिंग कागदाच्या गठ्ठ्यावरची धूळ हातानं झटकत राहिला, किती तरी वेळ. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांच्या चुका जरा कमी शोधायला लागलो.

त्याच उन्हाळ्यात नरसिंगराव म्हणाले, "आपल्या गाईडातली आई जुनी झाली. नवी आई पाहिजे. तुमी दोघंबी लिवा, नाव घालू नका. शाळेतले जळबा गुरुजी निवडतील. ज्याची आई पास, त्याचं नाव पुढच्या वर्षीपासून गाईडावर, संपादक म्हणून." मी आठवडाभर लिहिलं. त्यातली आई पहाटे उठे, सडा घाली, तुळशीला पाणी घाली, देवापुढे दिवा लावून मंजुळ आवाजात काही म्हणे. आमच्या घरात छप्पन सालच्या धम्मदीक्षेपासून देव्हारा नव्हता. तुळस तर त्याआधीही नव्हती. पण निबंधातली आई अशीच असते, असं मला कुणी न शिकवता माहीत होतं. जळबा गुरुजींनी माझा कागद परत केला आणि म्हणाले, "छान हाय बाई. पन ह्या आईला मी लई पुस्तकांत भेटलोय." रूपसिंगचा पास झाला. मी तो वाचायला मागितला नाही. दोन दिवसांनी त्याचं प्रूफ नियमाप्रमाणे माझ्याकडे आलं. एरवी तो प्रूफ ठेवून निघून जाई, त्या दिवशी समोर उभा राहिला. मी शीर्षक पाहिलं, खाली एक ओळ पाहिली नाही, 'छापा' लिहिलं, सही केली आणि कागद पुढे सरकवला. तो म्हणाला, "वाचलं?" मी म्हणाले, "वाचलं." त्यानं तो कागद दोन्ही हातांनी उचलला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी जिंकणाऱ्याचा माज समजले.

त्या शुक्रवारी कचेरीत पोचले तेव्हा जळबा गुरुजी नरसिंगरावांसमोर चहा बशीत ओतून बसले होते. ते शाळेतून जाता-येता थांबत आणि कुठली पुस्तकं चालतात ते सांगत. मला बघून म्हणाले, "या बाई या. तुमच्या कचेरीनं कमाल केली. आमच्या शाळेतली चाचणी झाली, पेपर तपासून राहिलोय. यंदा समद्या वर्गाच्या आया पिवळ्या! सराफाच्या पोराची आई पिवळी, डॉक्टरच्या पोराची आई पिवळी. घरोघर लगन. म्यां म्हनलं, आमाला जेवायला तर बलवा रे!"

नरसिंगराव पोट धरून हसले. "आन मार्क?"

"मार्क द्यावाच लागतो. लिवलंच तसं हाय. पहिला पेपर वाचला तवा डोळ्याला पानी आलं. विसाव्याला हसू यायला लागलं. पोरांचा काय दोष?"

मी हसले. मला आठवतं, मी त्यांच्याबरोबर हसले, कारण न हसणं म्हणजे सांगणं झालं असतं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. माझी आई त्या वर्गाच्या दारात उभी राहून "व्हय" म्हणाली तेव्हा फक्त माझ्यासाठी म्हणाली होती. आता ती डॉक्टरच्या घरी, सराफाच्या घरी, कुणाच्याही दारात जाऊन म्हणत होती, आणि ही दोन माणसं चहा पीत होती. नरसिंगरावांना मी एका वाक्यात सांगू शकले असते की हा मजकूर माझा आहे, रूपसिंगचा नाही. गाईडावर माझं नाव आलं असतं. पण ते नाव मिळवायला मला त्याच खुर्चीसमोर उभं राहून म्हणावं लागलं असतं की ती बाई माझी आई आहे. मी ते म्हणाले नाही. का म्हणाले नाही ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि त्याची लाज पहिल्या लाजेपेक्षा मोठी होती.

रूपसिंग कोठीत कागद मोजून घेत होता. मी दार लोटलं. तो वळला आणि हसला. गेले तीन-चार महिने तो माझ्याकडे बघून असाच हसे आणि मी मान फिरवत असे.

"माझ्या आईचं का लिहिलंत?" मी म्हणाले.

त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. "तुम्ही वाचलं होतं ना."

"तुम्हाला आई नव्हती? जिवनबाई होत्या की! त्यांचं काहून न्हाई लिवलं?" चिडले की माझी बोली घरची होते.

तो खाली बघून म्हणाला, "माझ्या आईचं लिहायला बसलो होतो. हिंमत झाली न्हाई. तुमची आई 'व्हय' म्हणाली. माझी आई काही म्हणालीच न्हाई. ते कसं लिहायचं?" मग जरा थांबून, "मी मुद्दाम तुमच्या पुढ्यात ठेवलं. तुम्ही न्हाई म्हनला असता तर तिथंच फाडलं असतं. गुरुजींनी पास केलं तरीबी. तुम्ही सही केली."

"मी न वाचता सही केली."

प्रूफ वाचणाऱ्या माणसानं हे वाक्य बोलणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळणार नाही. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याची काही वस्तू फोडली आहे. तो कागदाच्या गठ्ठ्यावर बसला. "म्हणजे," तो म्हणाला, "तवापासून मी जे समजून राहिलो…" मग म्हणाला, "मला वाटलं, बाई बोलल्या न्हाईत पण सही केली, म्हणजे हेच त्यांचं उत्तर. मी तांड्यावर आईला सांगून टाकलं. सून म्हणून तुमचं नाव सांगितलं." त्याचा आवाज इतका खाली गेला होता की मशीनच्या खडखडाटात तो मला ऐकू आला याचंच नवल वाटतं. पुढे आयुष्यभर मी तो आवाज ऐकला, पण इतका खाली गेलेला पुन्हा कधी ऐकला नाही. मी दार ओढून बाहेर आले. मला एकच गोष्ट आठवली होती. माझ्या भावाची, सोनाजीची मुलगी विशाखा सातवीत होती. पावसाळ्याच्या सुरुवातीला मीच तिला गाईड नेऊन दिलं होतं, 'आत्याच्या कचेरीचं' म्हणून.

शनिवारी दुपारची वसमतची बस धरली. खिडकीतून कापसाची शेतं जात होती आणि मी खोटं जुळवत होते. त्या गाईडात चुका राहिल्यात, म्हणेन. नवी प्रत आणून देते, ही दे. पान फाडलं तर विचारतील. सबंध पुस्तकच न्यावं. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्यापर्यंत ते फक्त विशाखाच्या तोंडून पोचू शकत होतं. ऐकलं असेल तर? तिला कळेल, तिच्या लेकीनं हे बाहेर सांगितलं. तिनं माझ्यासाठी झाकलेलं मी परक्या माणसापुढे उघडं केलं आणि त्यानं ते बाजारात मांडलं. एका बाजूला मला तिची लाज वाटत होती म्हणून लाज, दुसऱ्या बाजूला तिला माझी लाज वाटेल म्हणून. दोन्हींच्या मध्ये रूपसिंग त्या गठ्ठ्यावर बसलेला, आणि त्याला मी उत्तर दिलेलं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता. सोनाजी साखर कारखान्यावर पाळीला गेला होता. विशाखा उंबऱ्यावर पाय सोडून बसली होती, मांडीवर गाईड पालथं, आणि ती झुलत होती. आई आत चुलीपाशी लसूण सोलत होती. "बाईंनी विचारले, हात असे कशाने झाले?" विशाखा म्हणाली, आणि अडली. डोळे मिटून शोधायला लागली. तेव्हा आतून, लसणावरची नजर न उचलता, पुस्तकी मराठीत, विशाखाच्याच सुरात आई म्हणाली, "मी म्हणालो, आमच्या घरी लग्न आहे."

"आजीला समदं पाठ हाय," विशाखा मला म्हणाली. "माझ्यापरीस जास्त."

मी विशाखाला साखर आणायला दुकानात पाठवलं. आई म्हणाली, "बस. थकलीस." मग स्वतःहूनच म्हणाली, "तुमच्या हापिसानं चांगलं पुस्तक काढलं गं. ह्यो धडा मी रोज म्हनायला लावते तिला."

"काहून?"

तिनं लसणाची पाकळी बाजूला ठेवली. "तुला आठवत नसंल. तू लहान होतीस. म्यां एकदा तुझ्या बाईफुडं खोटं बोलले व्हते. लगन हाय म्हनून. त्या सांजच्याला विहारात गेले, समदे शील म्हनून ऱ्हायले आन मुसावादापाशी माझी जीभच उचलंना. खोटं बोलनार न्हाई म्हनायचं आन सकाळीच बोललेली. तवापासून ते शील मी हळूच म्हनते. कुनाला आईकू न्हाई जावं म्हनून." ती जरा हसली. "मला वाटायचं, मी एकलीच. आता बघ, पुस्तकात हाय. म्हंजे लई बायांनी केलं आसंल. परवापासून म्यां ते मोठ्यानं म्हनते. कोन हाय गं ती बाई? कुठल्या गावची?"

इतकी वर्षं मी समजत होते, त्या दिवशी दारात लाज मला वाटली होती आणि आईनं फक्त ती झाकली होती. तिच्याही वाट्याला एक लाज आली होती आणि ती माझ्यापायी आली होती, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. तिला सोबत मिळाली होती, कुठल्या तरी गावची एक बाई. मी म्हणू शकले असते, नांदेडकडची. ओठांवर आलं होतं. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की आणखी एक मामा माझ्याच्यानं निर्माण करवेना.

"तूच हायेस," मी म्हणाले.

तिनं लसणाची सालं एका बाजूला सारली. मग तिनं पदर ओढला आणि दोन्ही हात त्याखाली घेतले. तो मोसम नव्हता, हात पिवळे नव्हते.

"तू सांगितलंस?"

"व्हय."

"कुनाला?"

"हापिसात एक हाय. रूपसिंग. तांड्यावरचा. त्यानं लिवलं."

"हसून सांगितलंस का?"

"न्हाई. रडले होते."

"आन त्यो? हसला का?"

"न्हाई. त्यानं त्याच्या आईचं सांगितलं."

ती चुलीतल्या लाकडाकडे बघत बसली. "म्हंजे मी एकलीच," ती म्हणाली, आणि ते मला उद्देशून नव्हतं. मग तिनं पदराखालून एक हात काढला, लाकूड आत सारलं. "घेऊन ये त्याला एकदा. असलं बोलनं लेक कुनाजवळ बी करत न्हाई. बघू दे मला." मी मान हलवली. "पन पोरीला सांगू नको. तिला ती बाई दुसरी कुनी आसू दे. ऱ्हाऊ दे तसंच."

सकाळी मी निघायला पिशवी भरत होते. आई भाकरी थापत होती. विशाखा माझ्या वेणीला लोंबकळत म्हणाली, "आत्या, तू तर हापिसात असतीस. ही बाई खरी हाय का? आमच्या वर्गातल्या पोरी म्हनतेत, कुनाची आई अशी नसती."

आई वळली नाही. तिचे हात पिठावर थांबले होते.

मी म्हणाले, "असंल कुनाची तरी. मला न्हाई माहीत."

चुलीपाशी भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी विशाखाकडे पाहिलं नाही, पिशवीचे बंद बांधत राहिले.